वरच्या कोंडाचा ठिपका

धामणखोलचे भागोजी गावकर आयुष्यात दोनदाच चुकले, असं ते स्वतःच सांगत. पहिली चूक कोणती ते मात्र सांगत नसत. त्यांची बायको गोदाबाई म्हणत, "मना ठावं हाय. बोहल्यावर उभं ऱ्हायले ना, तीच." दुसरी चूक लपवायची सोयच नव्हती, कारण ती उपग्रहांच्या साक्षीने झाली आणि सरकारी यादीत छापून आली.

गोष्ट दोन हजार तीन सालच्या जानेवारीतली. संगमेश्वर तालुक्यातलं धामणखोल म्हणजे सह्याद्रीच्या पायाशी विखुरलेल्या चार वाड्या. खालची वाडी डांबरी रस्त्याला चिकटलेली, दोन वाड्या जरा आत, आणि चौथा वरचा कोंड. एक्केचाळीस घरांची ही वस्ती थेट डोंगराच्या कुशीत बसलेली. तिथे जायचं तर पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, ओलांडायचा आणि दरडीच्या कडेकडेने दोन तास छाती फुटेस्तोवर चढायचं. भागोजी या कोंडाचे गावकर, म्हणजे पिढीजात पुढारी. वय बासष्ट. अंगात मांस कमी आणि हट्ट जास्त.

त्या महिन्यात रस्त्यांच्या एका नव्या योजनेची पाहणी निघाली. जी वस्ती रस्त्यापासून पाचशे मीटरहून लांब, तिला रस्ता मिळणार होता. पाहणीला रत्नागिरीहून दीपाली नावाची कंत्राटावरची मुलगी जीपने आली. तिच्या हातात ट्रान्झिस्टरपेक्षा लहान असं एक पिवळं-काळं यंत्र होतं. त्याला जीपीएस म्हणतात, असं तिने सांगितलं. वस्तीच्या मधोमध उभं राहून बटण दाबलं की ती जागा पृथ्वीवर नेमकी कुठे आहे, त्याचे आकडे यंत्रात नोंदले जात.

भागोजी धुतलेला सदरा आणि टोपी घालून खाली तिच्या स्वागताला गेले होते. वाघजाईच्या देवळासमोर सहाण आहे. शिमग्यात देवीची पालखी जिथे टेकते, तो दगडी चौथरा. या चौथऱ्याच्या कडेला चार वाड्यांचे चार दगड बसवलेले. गावातला कोणताही निवाडा व्हायचा तर ज्याने त्याने आपल्या वाडीच्या दगडापाशी उभं राहायचं. मतदान तिथे, पोलिओचा डोस तिथे, रेशनकार्डाची शिबिरं तिथेच. साहेब लोक येतात ते सहाणेपर्यंत, आणि गाव खाली उतरून त्यांना भेटतो, अशी रीत.

"काका, वरचा कोंड कुठे आहे?" दीपालीने विचारलं.

भागोजींच्या बापाने दिलं असतं तेच उत्तर त्यांनी दिलं. चौथऱ्याच्या पहिल्या दगडावर हात ठेवून ते मानाने म्हणाले, "ह्यो बगा, मॅडम. वरचा कोंड ह्यो."

शिवाय पोरीच्या पायांत शहरी सँडल होते आणि डोक्यावर ऊन होतं. पाहुणीला कशाला चढवायची, असंही त्यांच्या मनात आलंच. दीपालीला त्या दिवशी अजून पाच गावं उरकायची होती. तिने बटण दाबलं आणि भागोजींनी तिला शहाळं पाजून निरोप दिला. सहाण डांबरी रस्त्यापासून एकशे ऐंशी मीटरवर आहे, हे यंत्राने निमूटपणे लिहून घेतलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. वरच्या कोंडासमोर छापलं होतं, "रस्त्याने जोडलेली वस्ती". भागोजींनी ती ओळ तीनदा वाचली. मग तसेच उन्हात दोन तास चढून घरी आले आणि पडवीत बसून राहिले.

गोदाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्या कोकमाचे रातांबे काढताना झाडावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. दोन वाशांना खुर्ची बांधून, डोली करून त्यांना त्याच दरडीच्या वाटेने खाली नेलं. वाटेतल्या हिसक्यांनी मोडलेलं हाड सरकलं ते सरकलंच. इस्पितळातून त्या काठी घेऊन परतल्या, तेव्हापासून कोंडाबाहेर पाऊल नाही. मुलगा मुंबईहून यायचा तो खालून वर यायचा. माहेर अवघ्या आठ मैलांवर, पण भाऊ वारला तेव्हा गोदाबाईंना त्याचं तोंडदेखील बघता आलं नाही. त्या दिवशी त्या रडल्या नाहीत, चुलीपुढे नुसत्या बसून राहिल्या. भागोजींना ते बसणं अजून डोळ्यांपुढे दिसे. या बाईला गाडीत बसवून एकदा माहेरी न्यायची, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं होतं.

"काय झाला?" गोदाबाईंनी विचारलं.

भागोजींनी सगळं सांगितलं. सांगताना आवाज खाली गेला.

"म्हंजे तुमी दगड दाखवलाव, आणि तिना दगड लिवून घेतला," गोदाबाई म्हणाल्या. "मंग तिची काय चूक? मी दगडावं ऱ्हातंय काय? माजी चूल दगडावं हाय?"

"रीत हाय ती, गो."

"रीतीला रस्ता लागत नाय. मना लागतो."

 दुसऱ्या दिवशी पहाटे उतरून भागोजींनी देवरूखची एसटी धरली, तिथून रत्नागिरीची. हातखंब्याला गाडी पाऊण तास खोळंबली, तरी हे खाली उतरून चहासुद्धा प्यायले नाहीत. साहेबाला काय सांगायचं, ते मनात घोकत बसले.

कचेरीतल्या साहेबांनी टेबलावर एक मोठा नकाशा पसरला. "गावकर, हा सर्व्हेचा नकाशा. तुम्ही म्हणता तिथे, वर डोंगरात, वस्तीच नाही. जंगल आहे. एक जुना कोंड दाखवलाय, तो खाली पऱ्याकाठी."

"तो मोडला, सायेब. माज्या लग्नाच्या आदल्या वर्षी दरड आली, तेवा सगळी वर सरकली."

"नकाशा त्याच्याही आधीचा असेल. पण आमच्याकडे जीपीएसचा पॉइंट आहे ना. यंत्र चुकत नाही."

"मशीन नाय चुकला, सायेब," भागोजी म्हणाले. "मी चुकलो. मना गाव इचारला, मी देव दाखवला."

साहेबांनी मान वर केली. चूक कबूल करणारा माणूस त्या टेबलापुढे बहुधा बऱ्याच दिवसांनी आला असावा. ते चष्मा पुसत म्हणाले, "ठीक आहे. यादी एकतीस मार्चला मुंबईला जाते. तोवर वस्तीचा खरा पॉइंट आला पाहिजे, आणि सरपंचाच्या सहीचा दाखला, की सहाण ही वरच्या कोंडाची जागा नाही. दोन्ही असेल तर बदलतो. एकच असेल तर माझे हात बांधलेत."

कोपऱ्यातल्या टेबलावर दीपाली मान खाली घालून हे ऐकत होती. सुट्टीच्या दिवशी तिला खात्याची गाडी नाही, हजेरी नाही, पैसेही नाहीत. तरी ती उठून म्हणाली, "सर, पॉइंट मी घेऊन येते. मी नुसतं विचारलं आणि बटण दाबलं. वर चढून बघायला हवं होतं."

त्या रविवारी ती आली ती पायांत कापडी बूट घालून. पाठीवर पिशवी, पिशवीत नकाशाची गुंडाळी आणि हातात ते यंत्र. सकाळी नऊला दोघं सहाणेपासून निघाली.

"ह्याला कळतो तरी कसा आपण कुठं हाव तो?" भागोजींनी विचारलं.

"वर आभाळात उपग्रह फिरतायत, काका. निदान चौघांनी आपल्याला बघावं लागतं. चौघांची अंतरं जुळली की जागा कळते."

"म्हंजे पालखीसारखा झाला. चार खांदं लागतात," भागोजी म्हणाले, आणि यंत्राबद्दल त्यांचं मत जरा सुधारलं.

दीपालीने नकाशावरून जुन्या कोंडाचे आकडे यंत्रात आधीच भरले होते. तिथवर जाऊन पुढे चढू, असा तिचा हिशेब. पडद्यावर एक बाण उगवला आणि खाली अंतर आलं, सहाशे चाळीस मीटर. बाण सरळ करवंदीच्या जाळीकडे बोट दाखवत होता.

"वाट हिकडना हाय," भागोजींनी उलट दिशा दाखवली.

"पण नकाशातही पायवाट इकडूनच आहे, काका. आणि यंत्रही तेच म्हणतंय."

एकदा चुकलेल्या माणसाचा आवाज चढत नाही. भागोजी म्हणाले, "चला मंग." शंभर पावलांवर करवंदीने दीपालीची ओढणी धरली, पुढच्या वीस पावलांवर हाताची सालं काढली, आणि मग जमीन एकदम संपली. पुढे चार पुरुष खोल घळ. बाण अजूनही घळीच्या पलीकडेच बोट दाखवत होता.

"कावळ्याला सांगतोय तो वाट," भागोजी म्हणाले. "त्याला रस्ता कनाला लागतो?"

दीपाली हसली, पण तिचं डोकं चालू लागलं होतं. ती मागे वळली आणि यंत्रातलं काहीतरी बदललं. "काका, आता हे आपल्याला वाट सांगणार नाही. आपण ज्या वाटेने जाऊ, ती हे लिहून घेईल, पाऊल न् पाऊल. सरळ अंतर कागदावर जातंच, त्याच्या शेजारी मी चालण्याचं अंतर जोडते. वाचू दे साहेबांना."

मग पुढारी भागोजी झाले आणि यंत्र त्यांच्या मागून चालू लागलं. पऱ्या ओलांडला, दरडीचा पहिला टप्पा चढला. तासाभराने दाट झाडीतून बाहेर एका कातळावर आल्यावर दीपालीने पडदा बघितला आणि चुकचुकली. "झाडांखाली उपग्रह दिसलेच नाहीत. मधली वाट लिहिली गेली नाही. नुसती सरळ रेघ ओढलीय."

"किती गेली?"

"अर्धा किलोमीटर असेल. जाऊ दे, एवढ्याने..."

"जाव दे काय, मॅडम?" भागोजी कातळावरच थांबले. "तो अर्धा किलोमीटर माज्या बायकोनी डोलीत कण्हत कण्हत काडलाय. तो लिवल्याबिगर मी फुडं जानार नाय." आणि ते खरोखरच माघारी उतरू लागले.

दीपाली धापा टाकत मागोमाग गेली. झाडीत जिथे जिथे डोक्यावर आभाळाचा तुकडा दिसे, तिथे भागोजी थांबत. "सापडले काय चार जन?" विचारत. तिसऱ्यावर अडलं की तसेच उभे राहत, पाच मिनिटं, सात मिनिटं. चौथा दिसला की पुढची वीस पावलं. असा तो अर्धा किलोमीटर त्यांनी सव्वा तासात दुसऱ्यांदा चढला.  जानेवारीत आपण या माणसाकडून शहाळं पिऊन निघून गेलो, याची दीपालीला आता मनापासून लाज वाटत होती, आणि तसं तिने बोलूनही दाखवलं.

"तुमी शहाळा प्यालाव. मी दिला म्हनून प्यालाव," भागोजी म्हणाले. "दोगांचा अर्धा अर्धा घेवया."

कोंडात पोचले तेव्हा दीड वाजला होता. गोदाबाईंनी कोकमाचं सरबत केलं होतं. दीपालीने घोट घेता घेता यंत्र बाहेर काढलं आणि तिचं तोंड उतरलं. वरच्या कोंडाच्या मागे सह्याद्रीची भिंत, अर्धं आभाळ तिनेच खाल्लेलं. उरलेलं फणस-आंब्यांनी झाकलेलं. पडद्यावर तीनच उपग्रह.

"मोकळी जागा पाहिजे. वस्तीच्या मध्यावरच, पण मोकळी."

"मदी तर आमचाच खळा," भागोजी म्हणाले. घरापुढचं ते सारवलेलं अंगण मधोमध होतं खरं, पण उन्हासाठी त्यावर गवताचा नि झावळ्यांच्या झापांचा मांडव घातलेला. भागोजींनी एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि कोपऱ्यातली कोयती उचलली.

"अवो, काय करताव? शिमग्याला देवी येल त्याच्याखाली!" गोदाबाई ओरडल्या.

"देवीला ऊन बाधत नाय. ह्याला सावली बाधते," म्हणत त्यांनी झापांच्या बांधण्या सटासट तोडल्या. गवताचा ढीग खाली आला, धुरळा उडाला, शेजारपाजारची बायकामाणसं गोळा झाली. गावकरांना भ्रम झाला, असं कोणीतरी कुजबुजलं. पण मांडव गेला, तसा यंत्रावर चौथा उपग्रह उगवला, मग पाचवा.

"आता दहा मिनिटं हे एका जागी धरून ठेवायचं. हललं तर आकडे हलतील," दीपाली म्हणाली. पण चढून चढून तिचेच हात थरथरत होते. भागोजींचे हात कोयतीने भरून आलेले.

"हिकडं आना," गोदाबाई म्हणाल्या. "मना कुठं जायचाय? तीन वर्सं एका जागीच हाय मी."

त्या काठी टेकत खळ्याच्या मधोमध गेल्या. डाव्या हातात काठी, उजव्या तळव्यावर ते यंत्र, आणि भर दुपारच्या उन्हात बाई उभी राहिली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तरी तिने पापणी पुसली नाही. एक्केचाळीस घरांची माणसं खळ्याभोवती उभी होती. दहाची बारा मिनिटं झाली, तेव्हा दीपाली म्हणाली, "झालं, काकी." गोदाबाईंनी यंत्राकडे बघून विचारलं, "लिवलान आमाला?"

दीपालीने नकाशा उलगडला आणि हिरव्या जंगलाच्या मधोमध पेन्सिलीने एक ठिपका काढला. डांबरी रस्त्यापासून सरळ अंतर बाराशे चाळीस मीटर. चालण्याचं अंतर साडेचार किलोमीटर. भागोजींनी त्या ठिपक्यावर बोट टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

आता उरला दाखला. आणि इथेच गाडं अडलं.

सरपंच रघू खालच्या वाडीचा. पंचेचाळिशीचा, गोड बोलणारा, दारात मोटारसायकल. ती आल्यापासून तो देवळापर्यंतही पायी जात नसे. भागोजींनी कागद पुढे केला, तसा रघूने तो दोनदा वाचला आणि गालातल्या गालात हसला.

"काका, तुमी लिवून देताव की सहाण तुमची जागा नाय. बरा. मंग पालखीचा पहिला खांदा तुमचा कसा?"

 शिमग्यात वाघजाईची पालखी सहाणेवरून उठते, तेव्हा पुढचा उजवा खांदा वरच्या कोंडाच्या गावकराचा. पाच पिढ्यांचा मान. खालच्या वाडीचा त्यावर कधीपासून डोळा होता, तो आता उघडपणे बाहेर आला.

"खांदा सोडा. दाखल्याचा मंग बगू," रघू म्हणाला.

"बगू म्हंजे?"

"म्हंजे बगू."

कोंडात बैठक बसली आणि तरुण पोरांनी आकाशपाताळ एक केलं. एका 'बगू'वर पाच पिढ्यांचा मान विकायचा? भागोजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. त्यांनाही तो खांदा प्राणापलीकडे प्यारा होता, बापाने मरताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून तोच सोपवला होता. पण शेवटी ते उठले आणि म्हणाले, "मान माजा हाय. रस्ता सगळ्यांचा हाय. मी सोडतो." एवढं बोलून ते आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. गोदाबाईंनी त्यांच्यापुढे भाकरी ठेवली. ती त्यांनी खाल्ली नाही.

शिमग्याला सहाण माणसांनी फुलली. ढोल वाजू लागले. भागोजी पहिल्या दगडापाशी गेले, देवीला हात जोडले आणि सगळ्या गावासमोर दोन पावलं मागे सरकले. "रघू, घे," ते म्हणाले. खालच्या वाडीने जल्लोष केला. रघूने नव्या सदऱ्यावर उपरणं घेतलं आणि पुढचा उजवा खांदा दिला.

"आता ऐक," भागोजी शांतपणे म्हणाले. "ज्याचा पहिला खांदा, त्याना पालखी आदी वरच्या कोंडात न्यायची. मदी टेकवायची नाय. बाकीचे तिगं बदलतात. पहिला बदलत नाय. म्हनून तर हा मान आमच्या पूर्वजांना दिलान, कोंडाची वाट चढनारी तीच होती."

रघूचा चेहरा पडला. पण ढोल वाजत होते, देवी खांद्यावर होती आणि सगळा गाव बघत होता. खालची वाडी दरवर्षी पऱ्यावरूनच मागे फिरे, त्यामुळे मानाला हात घातला की त्याचं ओझंही येतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. पालखी निघाली.

पऱ्यापर्यंत रघू ताठ होता. दरडीच्या पहिल्या टप्प्यावर त्याचा श्वास चढला. घळीच्या वरच्या अरुंद वाटेवर त्याचे गुडघे वाकले आणि पालखी एकीकडे कलली. बायका किंचाळल्या.

"काका, घ्या वो! मना जमत नाय!" रघू कळवळून म्हणाला.

भागोजी त्याच्या शेजारी आले. त्यांचा खांदा आपसूक पुढे झाला होता. एक पाऊल, आणि मान परत आला असता. त्यांनी तो खांदा मागे घेतला.

"मी खांदा सोडलाय, रघू. शब्द एकदाच देतात. उजवा पाय त्या चपट्या दगडावं ठेव. हां. आता डावा, मुळीवं. खाली बगू नको." आणि ते उलटे, पाठमोरे चढत, रघूच्या तोंडासमोर राहून त्याला प्रत्येक पायरी सांगत गेले. त्यांनी रघूला हात दिला नाही, आणि पडूही दिलं नाही. असा दीड तास.

कोंडात पालखी टेकली. मांडव नव्हता, म्हणून गोदाबाईंनी खळ्यात आपलं ठेवणीतलं लुगडं अंथरलं होतं. रघू तिथेच भुईवर आडवा झाला. सदरा चिंब, खांदा सुजून लाल. गोदाबाई काठी टेकत आल्या आणि त्याच्यापाशी पाण्याचा तांब्या ठेवला.

पाणी पिऊन रघू उठून बसला. दरडीकडे बघत, मग गोदाबाईंच्या पायाकडे बघत त्याने विचारलं, "काकी, तुमाना ह्याच वाटेनी खाली नेलान? मोडलेल्या हाडानी?"

"ह्याच. दुसरी कुठं हाय?" गोदाबाई म्हणाल्या. "डोली तुज्या दारावरना गेली. तू वट्यावं बसलेलास. मना बगून हात जोडलेस. बरा वाटला हो मना."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर रघूने परतवला असता. त्याने खाली मान घातली आणि खांदा चोळला. मग म्हणाला, "काका, कागद कुठं हाय तो?"

भागोजींनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून कागद काढला. शिमग्याच्या दिवशीही तो तिथेच होता. रघूने पाटावर ठेवून सही केली. सुजलेल्या खांद्याने सही वाकडी आली, म्हणून खाली दुसऱ्यांदा केली.

"शिक्का हाफिसात हाय," तो म्हणाला. "देवी खाली गेली की चार दिसांनी मारतो."

"चार दिस कनाला?" गोदाबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी हे तुज्यासंगती उतरतील. आज हितंच जेव, हितंच झोप. तुज्याच्यानी आता उतरवनार नाय."

रघू नाही म्हणाला नाही. त्याला उठताच येत नव्हतं. भागोजी देवीपुढे नारळ ठेवून आले, रघूच्या मागे बसले आणि वाटीतलं गरम खोबरेल तेल त्याच्या खांद्याला चोळू लागले.